पट्ट्यावरची वाट आणि पायाखालची वाट

माझे थोरले बंधू पुण्यात एका इमारतीच्या सातव्या मजल्यावर राहतात. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत अडथळा निघाला. उपचार यथासांग झाले आणि डॉक्टरांनी त्यांना रोज अर्धा तास, ताशी ३ किलोमीटर वेगाने, सपाटीवर चालावयास सांगितले. पण इमारतीखालच्या रस्त्याला पदपथ नाही, आणि सकाळपासून वाहनांची वर्दळ सुरू होते. म्हणून मुलाने घरातच ट्रेडमिल आणून बसवली. आठवडाभरातच दादा कंटाळले. "घाण्याला जुंपलेल्या बैलासारखं वाटतं रे," असे ते मला म्हणाले.

दिवाळीत त्यांचा नातू आमच्या गावी, भोर तालुक्यातील आंबवड्यास गेला होता. गावाबाहेरच्या वळणापासून ओढ्यावरच्या झुलत्या पुलावरून नागेश्वराच्या देवळापर्यंत तो चालत गेला आणि ही सारी वाट त्याने मोबाइलवर चित्रित केली. घरी येऊन ते चित्रण त्याने ट्रेडमिलसमोरच्या मोठ्या पडद्यावर लावून दिले. दोन्ही बाजूंना कापणीला आलेली भातखाचरे, समोर रायरेश्वराचा सपाट माथा, आणि पायाखाली फिरणारा रबरी पट्टा! त्या दिवसापासून दादांचा व्यायाम चुकलेला नाही. एकदा मी तेथे असताना चित्रणात देवळाच्या पायऱ्या आल्या. दादांनी पट्टा थांबवला आणि त्यांचा हात नकळत पायांतील वहाणा काढण्यासाठी खाली गेला. नातू हसला. मला मात्र हसू आले नाही.

विद्यार्थीमित्रहो, ही घरगुती हकीकत सांगण्याचे कारण असे की, नुकतीच आमच्या भागातील एका शाळेला काही माजी विद्यार्थ्यांनी देणगी देऊ केली. त्या पैशांतून चार ट्रेडमिल आणि एक भला मोठा पडदा घ्यावा, त्यावर देशोदेशींच्या रानवाटांची चित्रणे लावावीत आणि मुलांनी पावसाळ्यातही व्यायाम करावा, अशी सूचना पुढे आली. मी पूर्वी विज्ञान शिकवीत असे, म्हणून माझे मत विचारण्यात आले. ते मत येथे मांडत आहे. पण मत देण्यापूर्वी, या यंत्रावर चालताना शरीराला नेमके काय मिळते आणि काय मिळत नाही, हे तपासून पाहावयास हवे.

जागच्या जागी चालणे हे खरे चालणे का?

पुष्कळांना वाटते की पट्टाच पाय मागे ओढतो, म्हणून माणसाला फारसे श्रम पडत नाहीत. ही समजूत चुकीची आहे. आगगाडी एकाच वेगाने सरळ जात असेल, तर डब्यात चेंडू उडवताना आपल्याला काही वेगळे जाणवत नाही, हे गॅलिलिओच्या सापेक्षतेचे तत्त्व तुम्ही शिकला असाल. तेच येथे लागू पडते. पट्टा ताशी ५ किलोमीटर वेगाने एकसारखा मागे जात असेल, तर पट्ट्याच्या दृष्टीने तुम्ही ताशी ५ किलोमीटर वेगाने पुढेच जात असता. पाय उचलणे, पुढे टाकणे, शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्यावर घेणे, हे सारे रस्त्यावर होते तसेच होते.

फरक पडतो तो हवेचा. रस्त्यावर आपण हवा कापीत जातो, खोलीत हवा स्थिर आणि आपणही स्थिर. पण ताशी ५ किलोमीटर वेगाने चालताना हवेचा विरोध साधारणपणे एका लिंबाच्या वजनाएवढाच भरतो, म्हणून तो सोडून दिला तरी चालते. हा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी १८ किलोमीटर वेगाने पळणाऱ्याला तो सुमारे तेरापट जाणवेल. म्हणूनच धावपटू सराव करताना पट्ट्याला १ टक्का चढ देऊन ही उणीव भरून काढतात.

हृदयाची परीक्षा घेण्यासाठी डॉक्टर हेच यंत्र वापरतात, त्याचेही कारण हेच. रॉबर्ट ब्रूस या अमेरिकन डॉक्टरांनी १९६३ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ वाढवत नेतात, आणि त्या वेळी हृदयाचा विद्युत्-आलेख काढतात. हृदयाला पट्टा आणि रस्ता यांतला भेद कळत नाही. तेव्हा दादांच्या हृदयाला जे चालणे हवे होते, ते त्यांना घरात मिळाले यात शंका नाही.

चढ आहे, पण डोंगर नाही

आता थोडे गणित करू. तुमचे वजन ५० किलोग्रॅम आहे आणि पट्ट्याला ५ टक्के चढ देऊन तुम्ही २ किलोमीटर चाललात, असे समजा. म्हणजे तुम्ही १०० मीटर उंची 'चढलात'. वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार ५० × ९·८ × १००, म्हणजे ४९,००० ज्यूल. आपले स्नायू खर्च केलेल्या ऊर्जेचा सुमारे चौथा हिस्साच कामात उतरवतात. म्हणून शरीराला त्यासाठी जवळजवळ १,९६,००० ज्यूल, म्हणजे सुमारे ४७ किलोकॅलरी ऊर्जा जादा खर्चावी लागते.

पण तुम्ही तर खोलीतच आहात. डोके छताला लागले नाही. मग ही ऊर्जा गेली कुठे? डोंगरावर चढताना ती स्थितिज ऊर्जेच्या रूपाने तुमच्यापाशी साठते. पट्ट्यावर मात्र तुम्ही प्रत्येक पावलागणिक शरीर वर उचलता आणि पट्टा तुम्हाला तेवढेच खाली आणतो. तुमचे वजन पट्ट्याला खाली रेटते, यंत्राच्या मोटरचा भार तेवढा हलका होतो, आणि शेवटी सारी ऊर्जा घर्षणात उष्णता होऊन जाते.

ही गोष्ट माणसाला फार पूर्वीच उमगली होती. १८१८ साली विल्यम क्यूबिट या इंग्रज अभियंत्याने तुरुंगांसाठी पायऱ्यांचे एक प्रचंड चक्र तयार केले. कैद्यांनी त्यावर तासन्‌तास चढत राहायचे, चक्र फिरायचे, आणि कित्येक ठिकाणी त्यावर धान्य दळले जाई किंवा पाणी उपसले जाई. चढणारा जागच्या जागीच राही. १८९८ च्या कायद्यानंतर ब्रिटनमध्ये ही शिक्षा बंद झाली. दादांना घाण्याचा बैल आठवला तो काही उगीच नव्हे.

आता खरी मेख पाहा. रायरेश्वराला गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे की चढताना दम लागतो आणि उतरताना मांड्या थरथरतात. उतारावर शरीराला आवर घालण्यासाठी मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच जोर लावतात. स्नायूंच्या कामाचा हा एक वेगळाच प्रकार आहे, आणि दुसऱ्या दिवशी पाय भरून येतात ते मुख्यतः त्यामुळे. घरगुती ट्रेडमिलला बहुधा चढ असतो, उतार नसतो. पडद्यावर वाट खाली उतरत असली तरी पट्टा आपला सपाटच. म्हणून वर्षभर यंत्रावर घाम गाळणारा तरुणही गडावरून उतरताना गुडघे धरून बसलेला दिसतो.

वाटेचा खडबडीतपणा ही आणखी एक गोष्ट. २०१३ साली मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी ट्रेडमिलच्याच पट्ट्यावर लहानमोठे लाकडी ठोकळे बसवून त्यावर माणसांना चालवले. ठोकळ्यांच्या उंचीतला फरक अवघा अडीच सेंटिमीटर. पण तेवढ्यानेच चालण्याला लागणारी ऊर्जा सुमारे २८ टक्क्यांनी वाढली! शेताच्या बांधावरून शाळेत येणारी मुले रोज असे कितीतरी ठोकळे ओलांडत असतात. घोट्याभोवतीचे बारीक स्नायू आणि तोल सांभाळणारी मज्जासंस्था यांची तीच शाळा आहे.

डोळा आणि कान यांची भिन्न साक्ष

दादांच्या चित्रणात दोन अडचणी आल्या. पहिली वेगाची. नातू तरुण, तो ताशी ६ किलोमीटर वेगाने चालला होता. दादांचा पट्टा ताशी ३ किलोमीटरवर. झाडे भराभरा मागे पळत आणि पाय मात्र सावकाश पडत. त्यांना अस्वस्थ वाटू लागले. मग नातवाने चित्रण निम्म्या वेगाने लावले. आता हिशेब जुळला, पण वाटेवरची माणसे आणि गुरे पाण्याखालून चालल्यासारखी दिसू लागली.

असे का व्हावे? चालताना जवळचे झुडूप झपाट्याने मागे जाते, दूरचे झाड सावकाश जाते आणि डोंगर तर जागचा हलतच नाही. डोळ्यांवरून वाहणाऱ्या दृश्याच्या या प्रवाहावरून मेंदू आपला वेग ताडतो. त्याच वेळी पायांचे स्नायू आपली साक्ष देत असतात. कानाच्या आतल्या भागात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि त्यांच्या शेजारची दोन सूक्ष्म इंद्रिये आहेत. त्या डोके कसे वळले, कसे झुकले, हे कळवतात. सर्वांची साक्ष जुळली की आपण निर्धास्त. ती जुळली नाही की मेंदू गोंधळतो, आणि एस.टी.त पुस्तक वाचणाऱ्याला मळमळते तशी मळमळ सुरू होते.

दुसरी अडचण पुलाची. आंबवड्याचा झुलता पूल भोर संस्थानच्या अमदानीतला. संस्थान १९४८ साली विलीन झाले, पूल मात्र गावाची ओळख होऊन राहिला. लहानपणी त्यावरून जाताना आम्ही मुद्दाम पाय आपटून तो हलवीत असू आणि मोठ्यांची बोलणी खात असू. चित्रणात पूल आला आणि पडद्यावरचे सारे दृश्य डावीउजवीकडे झुलू लागले. पायाखालचा पट्टा मात्र ढिम्म. दादांना भोवळ आल्यासारखे झाले आणि त्यांनी दांडी घट्ट धरली. ज्या पुलावरून ते लहानपणी धावत गेले, त्याच पुलाच्या चित्राने त्यांचा तोल जाऊ पाहत होता!

याचे कारण समजण्यासाठी एक सोपा प्रयोग करा. हाताचे बोट डोळ्यांसमोर धरून ते झपाट्याने डावीउजवीकडे हलवा. बोट धूसर दिसेल. आता बोट स्थिर ठेवून मान तितक्याच वेगाने हलवा. बोट स्वच्छ दिसेल. दुसऱ्या वेळी आतल्या कानाने मान वळल्याची वर्दी दिली आणि डोळे आपोआप उलट दिशेने फिरून बोटावर खिळून राहिले. खऱ्या पुलावर कान ही वर्दी देतो, म्हणून समोरची झाडे स्थिर दिसतात. चित्रणात हलला तो नातवाचा मोबाइल. दादांच्या कानाला त्याची काहीच वर्दी नव्हती.

ट्रेडमिलवरून उतरल्यावर काही क्षण जमीनच आपल्याला भराभर पुढे नेते आहे असा भास होतो, तोही याच जातीचा. अदार पेला आणि होरेस बार्लो या शास्त्रज्ञांनी १९९६ साली 'नेचर' या नियतकालिकात त्याचे वर्णन केले. पाय चालत आहेत, पण दृश्य हलत नाही, या विसंगतीशी मेंदू जुळवून घेतो आणि खाली उतरल्यावर त्याला पुन्हा नव्याने जुळवून घ्यावे लागते.

दुसरी बाजू

इतके वाचून तुम्ही म्हणाल, की मी या चित्रवाटांच्या विरुद्ध आहे. तसे नाही. निसर्गाचे नुसते दर्शनही माणसाला उपकारक ठरते, याला आधार आहे. रॉजर उल्रिक या संशोधकाने १९८४ साली अमेरिकेतील एका रुग्णालयातील नोंदी तपासल्या. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या २३ रुग्णांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, आणि वय वगैरे बाबतींत त्यांच्याशी जुळणाऱ्या दुसऱ्या २३ जणांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे रुग्ण लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामक औषधेही कमी लागली. खिडकी आणि पडदा एकच नव्हेत हे खरे, पण विटांच्या भिंतीपेक्षा आंबवड्याची वाट केव्हाही बरी. शिवाय रोज न चुकता केलेला थोडा व्यायाम हा, कंटाळून सोडून दिलेल्या पुष्कळ व्यायामाहून हिताचा असतो.

अंतराळवीर सुनीता विल्यम्स यांनी १६ एप्रिल २००७ रोजी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातील ट्रेडमिलवर बॉस्टन मॅरेथॉनचे पूर्ण अंतर काटले. वजनरहित अवस्थेत त्या तरंगू नयेत म्हणून त्यांना पट्ट्यांनी यंत्राशी जखडून ठेवले होते. सव्वाचार तासांहून थोड्या अधिक वेळात त्या धावल्या, आणि तेवढ्या वेळात स्थानकाने पृथ्वीला जवळजवळ तीन प्रदक्षिणा घातल्या. धावल्याशिवाय त्यांची हाडे आणि स्नायू झिजले असते, आणि तेथे रस्ता तर नव्हताच.

माझ्या मते सारा प्रश्न येथेच आहे. ज्याला रस्ता नाही, त्याला पट्टा हे वरदान आहे. अंतराळवीराला रस्ता नाही. सातव्या मजल्यावरच्या हृदयरोग्याला रस्ता असून नसल्यासारखा आहे. अपंगाला, अतिवृद्धाला, परदेशात बर्फाने कोंडलेल्या आपल्या माणसाला गावाची वाट पडद्यावर दिसली तर त्यात वावगे काहीच नाही. पण भोर तालुक्यातील तेरा वर्षांच्या मुलाला रस्ता आहे. त्याला खोलीत नेऊन रानाचे चित्र दाखवणे म्हणजे विहिरीच्या काठी बसलेल्याला बाटलीतले पाणी विकण्यासारखे आहे.

आणि मुलांच्या बाबतीत एक कारण फार महत्त्वाचे आहे. ते म्हणजे उजेड. वर्गात साधारणतः काही शे लक्स एवढा उजेड असतो. बाहेर झाडाच्या सावलीतही तो हजारांत मोजावा लागतो, आणि भर उन्हात लाखापर्यंत जातो. चीनमधील ग्वांगझाऊ शहरात बारा प्राथमिक शाळांतील मुलांवर तीन वर्षे एक प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. निम्म्या शाळांत रोज ४० मिनिटे मुलांना जादा बाहेर काढले. त्या शाळांत तीन वर्षांत सुमारे ३० टक्के मुलांना लघुदृष्टी, म्हणजे जवळचे दिसते पण दूरचे दिसत नाही असा दोष, जडला. इतर शाळांत हेच प्रमाण सुमारे ४० टक्के होते. भरपूर उजेडाने दृष्टिपटलात विशिष्ट रसायन स्रवते आणि वाढत्या वयात नेत्रगोलाचे लांबणे त्यामुळे मंदावते, असा शास्त्रज्ञांचा कयास आहे. पडदा कितीही मोठा आणि तेजस्वी असला तरी तो सूर्याची जागा घेऊ शकत नाही.

पावसाळ्याचे काय, असे कोणी विचारील. आमच्या भागात पाऊस मुसळधार पडतो, पण तो चोवीस तास पडत नाही. मुसळधार पावसात वर्गातच दोरीवरच्या उड्या आणि सूर्यनमस्कार घालावेत. त्यांना वीज लागत नाही. शाळेबाहेरचा रस्ता वाहनांमुळे धोक्याचा आहे, ही तक्रार मात्र खरी आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. पण त्यावर उपाय म्हणून मुलांना रस्त्यावरून उचलून यंत्रावर ठेवावयाचे, की रस्त्याच्या कडेला चालण्यापुरती जागा मागावयाची? पहिला उपाय एकदा स्वीकारला की दुसरा कोणी मागणारच नाही, ही माझी भीती आहे.

मग शाळेने काय करावे?

देणगी परत करू नये. त्या पैशांत प्रत्येक मुलाला एक चांगला रेनकोट आणि शाळेला काही मोजमापाची साधने घ्यावीत. आणि पडद्यासाठी चित्रणे विकत आणण्याऐवजी मुलांनी ती स्वतः तयार करावीत, ज्यांना गावी येता येत नाही त्यांच्यासाठी.

हे काम पूर्णपणे वैज्ञानिक रीतीने करता येईल. प्रथम वाट मोजावी. सायकलच्या चाकाचा व्यास ६६ सेंटिमीटर असेल, तर त्याचा परीघ सुमारे २०७ सेंटिमीटर होतो. म्हणजे चाकाचे सुमारे ४८२ फेरे झाले की १ किलोमीटर भरला. चाकाला एक फडके बांधून फेरे मोजावेत. नंतर चढउतार मोजावा. गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी दोन काठ्यांना बांधली, की दर २० मीटरला जमीन किती चढली वा उतरली ते काढता येते. त्याचा आलेख तयार करावा, म्हणजे चालणाऱ्याला कोठे पट्ट्याचा चढ वाढवावयाचा ते कळेल.

चित्रण करताना मिनिटाला ५० मीटर, म्हणजे ताशी ३ किलोमीटर, हा वेग कटाक्षाने पाळावा. एकाने चालावे, दुसऱ्याने घड्याळ पाहावे. दर १०० मीटरला चुन्याची खूण करून तिला आकडा द्यावा. झुलत्या पुलाच्या अलीकडे चित्रण थांबवावे. पलीकडून पुढे सुरू करावे. दादांचा अनुभव मी सांगितलाच आहे. वाटेवरच्या माणसांना विचारल्याशिवाय त्यांचे चेहरे घेऊ नयेत. आणि एकाच वाटेची तीन चित्रणे करावीत: भातलावणीच्या वेळी, दिवाळीत आणि भर उन्हाळ्यात. कोठे पळस आहे, कोठे करंज, सुगरणीची घरटी कोणत्या झाडाला, हे सारे नोंदवावे.

अशा चित्रणाचा आणखी एक उपयोग होईल. दहा वर्षांनी तीच वाट त्याच वेगाने पुन्हा चित्रित केली, तर किती झाडे राहिली, किती गेली, ओढ्याला पाणी किती दिवस टिकते, हे समोरासमोर ठेवून पाहता येईल. ज्या झाडांची मोजदाद झालेली असते त्यांच्यासाठी बोलणारा कोणीतरी असतो. नाहीतर एक दिवस असा येईल की वाटेवरची सावली केवळ पडद्यावरच उरलेली असेल.

शेवटी दादांचे सांगतो. यंत्रावर नियमाने चालल्यामुळे त्यांची प्रकृती सुधारली आणि गेल्या फाल्गुनात डॉक्टरांनी त्यांना गावी जाण्याची परवानगी दिली. पडद्यावर रोज अर्ध्या तासात संपणारी ती वाट आम्ही दोघे चाललो. दीड तास लागला. दर पन्नास पावलांवर कोणीतरी थांबवीत होते. "दादा, कधी आलात?" "आता बरं आहे का?" कोणी पाणी आणून दिले, कोणी ओसरीवर बसवले. पळस फुलला होता. पुलाशी आल्यावर दादा क्षणभर थबकले, मग माझा खांदा धरून सावकाश पलीकडे गेले. पूल हलत होता, पण त्यांना भोवळ आली नाही.

देवळाच्या पायऱ्यांशी त्यांनी वहाणा काढल्या आणि म्हणाले, "रोज येतो इथं, पण आजवर कुणी विचारलं नव्हतं."

विद्यार्थीमित्रहो, तुमच्या शाळेपासून घरापर्यंतची वाट किती मीटर आहे, तिच्यावर किती झाडे आहेत आणि वाटेत किती माणसे तुम्हाला नावाने ओळखतात? या रविवारी मोजून पाहा.